वाचक विचारतात : जुन्या स्टाइलची चेन आणली, पण बसेना!

मागच्या अंकात मनगटी घड्याळांच्या जुन्या स्टीलच्या चेनच्या नव्या नकलांबद्दल चार ओळी काय छापल्या, पत्रांचा ढीग लागला. बहुतेकांचं रडगाणं एकच, फोटोत झकास दिसली, हातावर घातली तर नाही जमली. त्यातले जरा वेगवेगळे प्रश्न निवडलेत.

प्रश्न : वडिलांचं १९६० च्या दशकातलं ओमेगा सीमास्टर आहे, लगमधलं (चेन अडकवायच्या दोन टोकांमधलं) अंतर १८ मिमी. तांदळाचे दाणे ओवल्यासारखी दिसणारी जुन्या वळणाची चेन ऑनलाइन मागवली, तीही १८ चीच. पण केसला (घड्याळाच्या धातूच्या डबीला) नीट टेकत नाही, फट दिसते आणि हात हलवला की खुळखुळ वाजते. घड्याळवाले काका म्हणतात केसला जराशी कानस मारू. मारू देऊ का? (एक वाचक, नाशिक)

अजिबात नको! कानस मारायचीच तर चेनला मारा, घड्याळाला नाही. चेन दुसरी मिळेल, वडिलांच्या घड्याळाचे लग परत नाही उगवणार.

आता मूळ मुद्दा. १८ म्हणजे फक्त रुंदी झाली हो. केसला चिकटणारी जी टोकाची कडी असते, एंड लिंक, तिची गोलाई केसच्या गोलाईशी जुळावी लागते आणि पिन जाते ते भोकही केसपासून नेमक्या अंतरावर लागतं. रोलेक्सचंच बघा ना, त्यांची ७२०६ नंबरची जुनी रिव्हेटवाली (कड्या ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेली) चेन २० मिमीच, पण एंड लिंक ५८ नंबरची वेगळी आणि ८० नंबरची वेगळी, कारण घड्याळाच्या केस वेगळ्या. खुद्द कंपनीला एका रुंदीसाठी दोन दोन टोकं करावी लागली, मग 'सगळ्या १८ च्या घड्याळांना बसेल' असं लिहिणाऱ्या विक्रेत्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

घरी एवढं करा. एंड लिंक चेनपासून सुटी होत असेल तर करा, पिन न घालता नुसती लगच्या मधे सरकवा आणि उजेडासमोर धरून भिंगातून बघा. मधे टेकतेय आणि दोन्ही कोपऱ्यांत फट आहे, म्हणजे कडी केसपेक्षा सपाट आहे. कोपरे टेकतायत आणि मधे फट, म्हणजे कडीची गोलाई गरजेपेक्षा जास्त आहे. कडी पोकळ, पत्र्याची घडी घातलेली असेल (जुन्या चेन तशाच असायच्या, त्यामुळे चांगल्या नकलाही तशाच येतात) तर पक्कडीच्या तोंडाला टेप गुंडाळून अगदी हळूहळू वाकवता येते, एकदा वाकव, लावून बघ, परत वाकव, असं. घाई केली की पत्र्याला सुरकुती पडते आणि ती काही केल्या जात नाही. भरीव असेल तर वाकवायच्या भानगडीत पडू नका, गोल दांड्यावर पॉलिश पेपर गुंडाळून आतून घासावी लागते आणि ते काम काकांनाच करू द्या, कानस मारायची हौसही फिटेल त्यांची.

आणि कडी नीट टेकतेय पण पिन घातली की मागे सरकून वाजते, तर दोष भोकाच्या जागेचा नाहीतर पिनेचा. बऱ्याच चेनसोबत १.५ मिमी जाडीची साधी स्प्रिंगची पिन येते आणि कडीतलं भोक असतं १.८ ला पुरेल एवढं, मग खुळखुळणारच. जाड पिन आणा, फक्त पिनेचं टोक लगच्या भोकात पूर्ण बसतंय ना ते आधी बघा, अर्धवट बसलं तर घड्याळ रस्त्यात पडेल. भोकच चुकीच्या जागी असेल तर सरळ चेन परत करा, वेळ घालवू नका.

प्रश्न : रिव्हेटवाली रोलेक्सच्या जुन्या ऑइस्टर स्टाइलची चेन घेतली, हातात सैल होते, दोनतीन कड्या काढायच्यात. एकाच बाजूच्या काही रिव्हेटना बारीक खाच दिसते. स्क्रू ड्रायव्हर लावला तर स्क्रू हलतच नाही, खाच मात्र खराब व्हायला लागली. (एक वाचक, ठाणे)

थांबा, आणखी जोर लावू नका. खाच असलेले ते स्क्रू आहेत, रिव्हेटच्या डोक्याचं नुसतं सोंग घेतलंय. बाकीचे रिव्हेट शोभेचे, ते उचकटायला जाऊ नका. १९५० च्या दशकातल्या खऱ्या चेनमधे रिव्हेट खरेच असायचे, कडी काढायची म्हणजे रिव्हेटचं डोकं घालवून नंतर नवीन बसवायचं, डोक्याला ताप. २०१६ पासून ट्यूडर कंपनीने आपल्या ब्लॅक बे घड्याळावर पुन्हा रिव्हेटचा लूक आणला तो मात्र वरवरचा, कड्या स्क्रूनेच निघतात. तुमच्या नकलेतही तोच प्रकार.

स्क्रू हलत नाही कारण फॅक्टरीत त्यावर गोंद लावलेला असतो, लॉकटाइट टाइपचा. तो उष्णतेने सैल होतो. चेन घड्याळापासून पूर्ण सोडवा (हे विसरू नका, गरम करताना घड्याळ जवळपाससुद्धा नको), सोल्डरिंगच्या गरम टोकाने स्क्रूचं डोकं थोडा वेळ तापवा, मग गरम असतानाच फिरवा. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेच्या लांबीएवढं हवं, अरुंद पातं लावलं की खाच कुरतडली जाते, तुमचं तेच झालंय. पुण्याला येणं झालं तर बोहरी आळीत चांगले बारीक सेट मिळतात, फुकट आलेल्या प्लास्टिकच्या हत्याराने हे काम करू नये. खाच पूर्ण गेली असेल तर मात्र घड्याळवाल्याकडे जा.

कड्या कुठून काढायच्या हे पण ऐका. या चेन केसजवळ २० आणि लॉकजवळ १६ अशा निमुळत्या होत जातात, त्यामुळे स्क्रूच्या कड्या फक्त लॉकजवळ असतात, तिथे रुंदी सारखी असते. दोन्ही बाजूंनी सारख्याच काढायच्या असाही नियम नाही. लॉक मनगटाच्या खाली बरोबर मधे यायला हवं, आणि त्यासाठी बहुतेकांना सहाच्या आकड्याकडच्या बाजूची एखादी कडी जास्त काढावी लागते. काढलेल्या कड्या आणि स्क्रू डबीत जपून ठेवा, पुढे वजन वाढलं तर लागतात!

प्रश्न : चेन सकाळी बरोबर बसते, दुपारी मात्र घट्ट होते, वळ उठतात. एक कडी वाढवली तर गळ्यातल्या माळेसारखी लोंबते. (एक वाचक, शारजा)

तिकडच्या उन्हात हात सुजणारच, यात चेनची चूक नाही. कडीला हात लावू नका. लॉकच्या कडेला छोटी भोकं दिसतील, एका ओळीत, त्यात चेनची शेवटची पिन अडकवलेली असते. टूलने किंवा बारीक टोकाने पिन दाबून एक भोक बाहेरच्या बाजूला सरकवा, दोनतीन मिलीमीटरचा फरक पडतो आणि तेवढा पुरतो. माप घ्यायचं ते संध्याकाळी घ्या, सकाळी सकाळी एसीत बसून नको. आणि तिथल्या घामट, खाऱ्या हवेत ही पिन गंजते, अधूनमधून बदलत जा, स्वस्त असते.

प्रश्न : याच चेनवर रोलेक्सच्या मुकुटाचा छाप असलेलं लॉक मिळतंय, लावू का? (एक वाचक, कोल्हापूर)

नका लावू. छाप नसलेली, जुन्या वळणाची चेन ही नुसती नक्कल, तिच्यात काही गैर नाही. पण दुसऱ्याचा छाप मारला की ती बनावट होते, ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे विकणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो आणि पुढे घड्याळ विकायला काढलंत तर घेणारा आधी ते लॉकच बघतो.

प्रश्न : आजोबांच्या एचएमटीला ताणली जाणारी स्प्रिंगची चेन होती, तशीच नवीन घेतली. हातावरचे केस ओढते, आणि मोठीही होते. हिच्यात तर स्क्रूच नाहीत! (एक वाचक, सातारा)

हिच्यात स्क्रू नसतात, पत्र्याचे कान असतात. अमेरिकेतल्या स्पायडेल कंपनीने १९५९ मधे ट्विस्ट-ओ-फ्लेक्स काढली, त्याच कुळातली ही. चेन उलटी करून ठेवा, कडेला बारीक घड्या दिसतील, जेवढ्या कड्या काढायच्यात तेवढ्यांच्या त्या घड्या पातळ पात्याने उघडा, आतल्या यू आकाराच्या पिना बाजूने सरकवून बाहेर काढा, नको त्या कड्या बाजूला करून पुन्हा तशाच जोडा आणि घड्या दाबून बंद करा. एका घडीला एकदाच उघडमीट, फार तर दोनदा, नंतर तुटते. म्हणून आधी नीट मोजा.

केस ओढते त्याला कारण चेन आतून ताणलेली असते आणि सुटली की कड्या मिटताना केस पकडतात. पण मोठी होतेय म्हणताय तर तुमच्या बाबतीत उलटं आहे, सैल चेन मनगटावर वरखाली सरकते आणि केस मधे सापडतात. दोनतीन कड्या कमी करा, स्प्रिंग ताणली न जाता चेन अलगद टेकली पाहिजे, हात सरळ ठेवल्यावर घड्याळ खाली घसरलं नाही की झालं.