चिनी लिपीत नुसता ठिपका हेही अक्षर असतं का?

तुम्ही विचारलंय की चिनी शब्दकोशातल्या रॅडिकलच्या यादीत मधेच नुसता एक ठिपका दिसतो, तो छपाईतला डाग आहे की खरंच काही आहे?

डाग नाही. रॅडिकल म्हणजे ज्याच्याखाली अक्षर शोधायचं तो घटक. १७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी शब्दकोशात असे २१४ आहेत आणि ठिपक्याचा नंबर तिसरा. पण त्याच्या खात्यावर अक्षरं अगदी मोजकी. त्यातलं 'चू', म्हणजे मालक, माझं लाडकं. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शनने केलेल्या कोशात त्याचा अर्थ दिव्याची ज्योत असा आहे. समई डोळ्यांपुढे आणा: खाली बैठक, वर ठिपका.

एकटा म्हणून त्याला फारसं काम नाही, हे खरं. त्याचा खरा दरारा इतर अक्षरांत. त्याला 'त्येन' म्हणतात. आपल्याकडे चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक. इथे टिंब दिलं एवढ्याने भागत नाही, कुठे दिलं तेही बघावं लागतं. 'मोठा' या अक्षराच्या दोन पायांमध्ये ठिपका दिला की 'थाय', म्हणजे फार. तोच उजव्या खांद्यावर दिला की कुत्रा! मी शिकायला लागलो तेव्हा गृहपाठात 'वांग थाय-थाय', म्हणजे वांगबाई, असं लिहायचं होतं. दोन्ही ठिपके मी खांद्यावर ठेवले. बाईंनी वही वर धरून शांतपणे वाचलं, "वांग कुत्रा कुत्रा." नशीब, वांगला हात लावला नव्हता. वांग म्हणजे राजा, आणि त्याला खाली उजवीकडे ठिपका दिला की होतो जेडचा खडा.

आणखी एक. नाव ठिपका असलं तरी पेन टेकवून उचललं की झालं, असं नाही. कुंचल्याचं टोक टेकवायचं, उजवीकडे खाली दाबायचं आणि वळवून आत घेत उचलायचं. तांदळाच्या दाण्यासारखा तिरपा आकार उमटतो. सुलेखनकार वांग शीचिची गुरू वेइ फूरन, तिच्या नावावर असलेल्या लेखात म्हटलंय की ठिपका उंच कड्यावरून कोसळणाऱ्या दगडासारखा हवा. माझा अजून शेंगदाण्यावर अडलाय.

फोनवर रेघांनी टाइप करणार असाल तर पाच बटणं असतात: आडवी, उभी, डावीकडे उतरती, ठिपका, मोडलेली. उजवीकडे उतरणारी लांब रेघ यात कुठेच सापडत नाही म्हणून मी बराच वेळ शोधत बसलो होतो. तीही ठिपक्याच्याच बटणावर असते.

जाता जाता, आजच्या सोप्या लिपीतलं 'पक्षी' हे अक्षर बघा, आत एक ठिपका आहे, तो डोळा. तो काढला की कावळा. काळ्या अंगात काळा डोळा दिसत नाही, म्हणून काढला म्हणे.