वहीत येणे दिसते, पण वसूल होईल का?

प्रश्न : माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा छोटा कारखाना आहे. एका व्यापाऱ्याला उधारीवर माल देत आलो. लेखी करार नाही. ऑर्डर फोनवर, मालासोबत बिल आणि त्याच्या माणसाची सही असलेले चलन. सर्वांत जुन्या बिलाला दोन वर्षे दहा महिने झाले. पूर्वी ‘देतो’ म्हणायचा, आता ‘करार कुठे आहे?’ म्हणतो. आमचे हिशेबनीस म्हणतात, रक्कम ताळेबंदात आहे, काळजी नको. काय करू?

उत्तर : कराराची चिंता सोडा, तारखेची करा. मालविक्री कायदा, १९३० चे कलम ५ स्पष्टच सांगते की विक्रीचा करार तोंडीही होतो आणि दोघांच्या वागण्यातूनही. त्याने माल मागवला, तुम्ही पाठवला, त्याच्या माणसाने सही करून उतरवून घेतला. एवढे पुरे. मूळ चलने आजच एकत्र करा. कोणती सही कोणाची, हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. चलनावर मात्र आता एक अक्षरही नव्याने लिहू नका.

हिशेबनिसांच्या आश्वासनावर विसंबू नका. बिल फाडले त्याच दिवशी विक्री उत्पन्नात धरली आणि पैसे येईपर्यंत ती येणे म्हणून पुढे ओढली, हे जमाखर्चाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण तुमच्या वहीत रक्कम कितीही वर्षे दिसली, तरी दाव्याची मुदत वाढत नाही. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २८ प्रमाणे नुसत्या हिशेबवहीतल्या नोंदीवर कोणावर देणे लादता येत नाही, जोडीला पुरावा लागतो.

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उधारीचे दिवस ठरलेले नसतील, तर माल पोचल्यापासून ३ वर्षे मिळतात. ठरलेले असतील, तर ते दिवस संपल्यापासून ३ वर्षे. ही मुदत प्रत्येक बिलाची वेगळी मोजायची. ‘आमचे खाते चालूच आहे’ म्हणून शेवटच्या बिलापासून मोजणारे बरेच भेटतात. ती सवलत दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे देणीघेणी असलेल्या खात्याला आहे, तुमच्यासारख्या एकतर्फी उधारीला नाही. आणि वकिलाची नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही. या एका गैरसमजापायी खरी येणी बुडतात, म्हणून कळकळीने सांगतो.

मुदत नव्याने सुरू होते ती त्याच्या लेखी कबुलीने (कलम १८). बिलांचे क्रमांक, तारखा आणि बाकी रक्कम लिहिलेले बाकी मान्यतेचे पत्र तयार करा आणि त्यावर त्याची तारखेसह सही घ्या. जुन्या बिलाची ३ वर्षे संपण्याआधीच ती मिळायला हवी. फोनवरचे ‘देतो’ कामाचे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने रक्कम कबूल केली असेल तर संदेश जपून ठेवा, पण सहीच्या कागदाची जागा त्याला देऊ नका. काही रक्कम देऊ केली तर चेकने घ्या, कारण चेकवर त्याची सही असते. कोणत्या बिलापोटी हे त्याने सांगितले नाही, आणि परिस्थितीवरूनही ते कळत नसेल, तर करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे ती कुठे जमा धरायची हे तुम्ही ठरवू शकता.

सही द्यायला टाळाटाळ करू लागला, तर वाट पाहू नका. दावा ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर व्यापारी न्यायालयात जाण्याआधी सहसा मध्यस्थीचा अर्ज करावा लागतो. त्यात जाणारा काळ मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज मुदतीतच करायला हवा. माल देण्याआधीपासून तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) असेल, तर तेही वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा : लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसताना माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदाराला बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते.