बाळाच्या डोक्यात पाणी झालंय, ऑपरेशन करावं की थोडं थांबावं?

निपाणीहून विचारताय. पुतण्या चार महिन्यांचा, सोनोग्राफीत डोक्यात पाणी निघालं, डॉक्टर शंट, म्हणजे पाणी काढून देणारी नळी, घाला म्हणतात आणि घरचे म्हणतात दोन महिने थांबू, औषधानं उतरतंय का बघू. ‘थांबू’ वाचलं आणि हातातली पँट बाजूला ठेवून लिहायला बसलो. या एका शब्दावरून आमच्या घरात नऊ वर्षं भांडण चालू आहे.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात टेलर आहे. बहिणीच्या मुलाच्या बारशाला कुंची आणि टोपडं मीच शिवलं. मामाचं टोपडं डोक्यावर नीट बसायला पाहिजे म्हणून माप घेतलं, १४ इंच, आणि सवयीनं वहीत लिहिलं. शिलाईत अर्धा इंच कापड जास्तीचं सोडलं होतं. दोन महिन्यांनी बहीण माहेरी आली तेव्हा टोपडं नुसतं माथ्यावर टेकत होतं, खाली उतरेना. टेप लावली, १७. माझंच काहीतरी चुकलं म्हणून परत लावली. १७. गिऱ्हाइकाचं पोट दोन महिन्यांत तीन इंच वाढलेलं मी बघितलंय, डोकं नाही.

टेपच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर असतात. जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटिमीटर. पहिले तीन महिने ते महिन्याला दोनच्या आसपास वाढतं, पुढचे तीन महिने एक, नंतर वर्षाचं होईपर्यंत अर्धा. हा हिशेब मला नंतर कळला. म्हणजे चार वाढायचं तिथं साडेसात वाढलं होतं. तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी कार्डावर, वजन होतं, लसीच्या तारखा होत्या, डोक्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं.

बहिणीची सासू माझ्यावरच उखडली. “जित्या लेकराचं माप घेत नसतेत, माप मढ्याचं घेतेत.” तिच्या मते टाळू नीट भरली नव्हती, म्हणून रोज खोबरेल तेल थापणं चालू होतं. टाळू टम्म फुगलेली, कपाळाच्या शिरा हिरव्या दिसायच्या, बाळाची नजर कायम खाली कललेली आणि बुबुळाच्या वर पांढरं. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं होतं. तेलानं टाळू भरत नाही हो. आजीनं मालिश करावी, माझी ना नाही, पण टाळू तिच्या वेळेनं भरते. बहुतेकांची नऊ ते अठरा महिन्यांत. आणि ती उघडी होती म्हणूनच तिथून सोनोग्राफी करता आली, पहिल्याच दिवशी कळलं.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. तिथं पाणी रोज तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास, आणि तेवढंच रक्तात परत जिरतं. आमच्या भाच्याची तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीमधली बारीक वाट जन्मतःच अरुंद. मोरी तुंबलेली आणि नळ चालू. तो नळ गोळ्या-औषधानं कायमचा बंद करता येत नाही.

मग दाजी सुरू झाले. बेळगावात नको, इथले कागद कन्नडात, आपल्या माणसांत कोल्हापूरला नेऊ. तिथं ओळखीचा माणूस शोधण्यात नऊ दिवस घालवले. १ नोव्हेंबरला काळा दिवस मीही पाळतो, निपाणीकरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. पण लेकराच्या डोक्यातलं पाणी सीमाप्रश्नासाठी थांबत नाही. त्या नऊ दिवसांत अजून अर्धा इंच वाढलं, तेही वहीत आहे. शेवटी बहीणच उठली. “मी जातो बेळगावला. तुम्ही बसा भांडत.”

शंट घातला. कानामागं कातडीखाली झडप, तिथून बारीक नळी मानेतून, छातीवरून पोटात. पाणी पोटात उतरतं आणि जिरतं. पोटात नळी जास्तीची सोडतात, पोर उंच झालं तरी पुरावी म्हणून. वाढत्या अंगाचा कपडा शिवतो तसंच, हे मला फार आवडलं. दाजींना परदेशी शंट पाहिजे होता. घातला तो शाहजहांपूरला बनणारा छाब्रा. त्याची महागड्या शंटशी युगांडात तुलना झालेली आहे, वर्षभरानंतर फरक निघाला नाही.

चौदा महिन्यांनी तो तुंबला. उलट्या, चिडचिड, मग नुसती झोप. घरी म्हणाले ऊन लागलंय. बहिणीनं पहिली एसटी धरली, त्याच रात्री झडप बदलली. त्यावरून दाजी अजून दर दिवाळीला ऐकवतात, “घाई केलीसा, थांबलो असतो तर आपोआप जिरलं असतं, आता जन्माची नळी.” दाजी, तुम्ही हे वाचणार माहीत आहे मला. पहिल्या वर्षातच तीनातल्या एखाद्या मुलाचा शंट बिघडतो, ही त्याची खोड आहे, आमची चूक नव्हे. पोरगा दोन वर्षांचा होऊन चालायला लागला, चष्मा आहे, गणितात कच्चा आहे. ते नऊ दिवस त्यात किती धरायचे, ते तुम्हीच सांगा.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, माप वाढतंय, टाळू फुगलीय, नजर खाली गेलीय, तर दोन महिने कसले थांबताय? पोकळीच्या तळाला दुर्बिणीनं भोक पाडून वाट करून देणारं नळीशिवायचं ऑपरेशनही आहे, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ते कमी टिकतं. तरी विचारून बघा. तुम्हाला कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५. न्यूरोसर्जन दोन्हीकडे आहेत. खर्चासाठी आरोग्य कर्नाटकही विचारा आणि महाराष्ट्रानं २०२३ साली ८६५ सीमागावांना लागू केलेली महात्मा फुले योजनाही.

आता हेही सांगतो, नाहीतर घाबरवलं म्हणाल. प्रत्येक मोठं डोकं म्हणजे पाणी नव्हे, काही घराण्यांत डोकीच मोठी असतात, बापाचंही मोजा. पाणी थोडं असेल आणि माप वाढीच्या तक्त्यातल्या आपल्या रेषेत वाढत असेल तर डॉक्टर स्वतःच थांबून बघतात. ते थांबणं वेगळं, त्यात दर आठवड्याला माप असतं. आणि मी टेलर आहे, डॉक्टर नाही.

मोजताना टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागं सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. तीनदा घ्या, मोठं येईल ते तारखेसकट लिहा. आणि टेप नवी घ्या. जुनी ताणलेली असते, माप कमी दाखवते.