अंगी लागणं

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वजन उतरवायला तुझ्याकडे येणारे ते दोन भाऊ डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एकच घर, एकच चूल, आई दोघांना भाकऱ्या मोजून वाढणारी. चार महिन्यांत थोरल्याचं वजन सात किलोंनी उतरलं, धाकट्याचं जेमतेम दीड. ‘धाकटा बाहेर चोरून खात असणार, तसं मी त्याला आईदेखत बोलून दाखवलं,’ असं तू लिहिलं आहेस.

हेच मी तीस वर्षांपूर्वी एका शिक्षिकेच्या बाबतीत केलं. रात्रीचं जेवण सोडलं होतं तिनं, तरी काटा हलत नव्हता. ‘काटा खोटं बोलत नाही,’ म्हणाले मी. ती पुन्हा आली नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं, तिला मधुमेह झाला होता आणि ती कुठल्याच आहारतज्ज्ञाकडे जायला तयार नव्हती. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आपल्या आज्या म्हणायच्या, ‘हिच्या अंगी लागतं, तिच्या लागत नाही.’ या अंगी लागण्याचा फार नेटका प्रयोग कॅनडात क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात क्लॉड बुशार यांनी केला. तो १९९० साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या त्यांनी देखरेखीखाली ठेवल्या आणि १०० दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त दिल्या. चोरून खाण्याचा प्रश्नच नव्हता. सरासरी वजन ८.१ किलोंनी वाढलं. पण कुणाचं ४.३, तर कुणाचं १३.३! ताटातला जादा घास सगळ्यांचा सारखाच होता, हे लक्षात घे. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. जुळा आपल्या जुळ्या भावासारखाच वाढला. जोड्याजोड्यांमधला फरक एका जोडीतल्या दोघांमधल्या फरकाच्या तिप्पट होता. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीत तर तो सहापट निघाला. किती वाढायचं आणि कुठे साठवायचं, दोन्हींवर जनुकांचा हात दिसला. पुढे त्याच गटानं सात जोड्यांना व्यायाम देऊन वजन उतरवलं, तेव्हा उतरणंही जोडीजोडीनंच झालं.

तुझ्याकडे येणारे ते दोघे भाऊ जुळे नाहीत. सख्ख्या भावांमध्ये सरासरी निम्मीच जनुकीय घडण सारखी येते. आईवडिलांकडचे पत्ते प्रत्येक मुलासाठी नव्यानं पिसले जातात. एका ताटात जेवले म्हणून दोघांच्या अंगी सारखंच लागेल, अशी अपेक्षा धरणंच चूक.

आता तू विचारशील, ते ‘लठ्ठपणाचं जनुक’ कोणतं? असं एक नसतं. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांना एफटीओ नावाच्या जनुकातला एक सर्रास आढळणारा फेरफार सापडला. तो आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्या प्रौढांचं वजन तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरलं. तीनच किलो. बाकीचं ओझं हजारो बारीक फेरफारांत विखुरलेलं आहे. त्यातले बरेचसे मेंदूत भूक आणि तृप्ती ठरते तिथं काम करतात. काहींना पोट भरल्याचा निरोप उशिरा आणि हलक्या आवाजात पोचतो. त्याला आपण हावरटपणा म्हणतो, आणि तिथंच अन्याय होतो.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो काळ. २०१९ मध्ये जनुकांतल्या २१ लाख जागांवरून लठ्ठपणाच्या जोखमीचा एकत्रित अंक काढला गेला. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी जोखमीच्या मुलांच्या वजनात जन्मतः जवळजवळ फरक नव्हता. अठराव्या वर्षी तो सुमारे १२ किलोंचा झाला होता. म्हणजे जनुकं वर्षानुवर्षं चिमूटभर चिमूटभर भर घालत जातात. एका दिवसाच्या वजनावरून ती दिसत नाहीत. तू चार महिन्यांचे आकडे पाठवलेस. मला त्या धाकट्याची दहावी, बारावी आणि नोकरी लागल्यानंतरची वजनं हवी आहेत. शाळेचे फोटो मागव, आईला विचार, मामा कसे, आजोबा कसे. गालातला फाया घेऊन रिपोर्ट देणाऱ्या जनुकीय चाचण्यांवर त्याचे पैसे घालवू नकोस. ते २०१९ चं गणितसुद्धा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बांधलेलं आहे, आपल्या माणसांना ते तितकंसं बसत नाही.

आणि सगळं जनुकांच्या खात्यावरही जमा करू नकोस. आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम तू वाचलं असशीलच. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, फक्त चरबी त्या मानानं राखलेली. त्यामागे आईचं गर्भारपणातलं पोषणही आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्रज सहकारी युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा अंक, २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नकोस, टेप हातात घे. पुरुषाचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बाईचा ८० च्या.

काळ बदलला की तीच जनुकं वेगळी वागतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात एफटीओचा परिणाम १९४२ नंतर जन्मलेल्यांतच ठळक दिसला. आधीच्या पिढीतही फेरफार होताच, पण त्याला वाव देणारं जगणं नव्हतं. तसंच दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र केली तेव्हा, हालचाल करणाऱ्यांत एफटीओचा परिणाम जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळला. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण जोखीम घेऊन जन्मलेल्याला चालण्याचा फायदा इतरांपेक्षा जास्तच होतो.

तेव्हा धाकट्याला एकट्याला बोलव. थोरल्याचा तक्ता त्याच्यासमोर ठेवू नकोस. डाळ, उसळ, भाजी आधी आणि भाकरी नंतर, असं पोट लवकर भरल्यासारखं वाटणारं जेवण लिहून दे. जेवणानंतर चालायला लाव, आणि त्याची तुलना त्याच्याच गेल्या वर्षाशी कर. दीड किलो उतरताना घेरही दोन-तीन सेंटिमीटरनं उतरला असेल, तर ती त्याची खरी कमाई आहे. ती मोजलीच गेलेली नाही.

त्या वेळी त्याच्या आईलाही बोलावून घे. दोष तिच्यादेखत दिलास, माफीही तिच्यादेखतच माग. मग घेर मोज आणि आकडा मला कळव.

तुझी,
मॅडम