आठवीतली मुलगी निबंध पाठ करून लिहिते, ऱ्हस्व-दीर्घही चुकते. घरी कसं शिकवू?

आधी निबंधांचं गाईड बाजूला ठेवा, कारण पाठ केलेल्या निबंधात मुलांचं स्वतःचं काहीच नसतं. 'पावसाळा' लिहायचा असेल तर तिला विचारा: परवा शाळेतून येताना भिजलीस तेव्हा दप्तराचं काय झालं? ती बोलेल ती पाच-सहा वाक्यं तशीच कागदावर उतरवायला सांगा. मी शिकवणीत हेच करते. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन अजिबात चालवत नाही.

व्याकरण त्याच खर्ड्यातून शिकवा, पण एका आठवड्याला एकच नियम. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत. सगळे एकदम सांगितले तर मूल घाबरतं. सुरुवात मला सर्वांत उपयोगी वाटणाऱ्या नियमापासून करा: मूल, फूल, वीट यांतलं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व. म्हणून मुलाला, फुलात, विटेवर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, जसं शरीर, शरीरात. हे कळलं की निम्मी भीती जाते. तिच्याच वहीतून असे शब्द तिलाच शोधू द्या.

उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, तिथेही ती पाठ केल्यासारखं उतरवत असेल तर एकच सवय लावा. उत्तर लिहिताना उतारा झाकायचा. मग वाक्य आपोआप तिचं होतं. लिहून झालं की उतारा उघडा; 'तुला असं का वाटलं?' हे विचारल्यावर तिनं उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवायला हवं.