बीसीडी घेण्याआधी

स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झाला म्हणून लगेच बीसीडी, म्हणजे सिलिंडर पाठीवर धरणारं आणि हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणारं साधन, मागवू नकोस. बडोद्यात बसून फोटो बघून घेशील आणि पहिल्याच डाइव्हला खांद्यावरून कानापर्यंत सरकेल. मास्क, फिन्स आधी घे. बीसीडी भाड्याचं चालतं. तारकर्लीला, नेत्राणीला, अंदमानला वेगवेगळी घालून बघ, काय आवडतं ते तुलाच कळेल.

मापाचं मात्र नीट बघ. वेटसूट घालून वर चढव, पट्टे आवळ, मग जास्तीची हवा आपोआप सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह फुसफुसेपर्यंत हवा भर. आता खोल श्वास घे. बरगड्या दाबल्या जात असतील तर ते तुझं माप नाही, सेलमध्ये कितीही स्वस्त मिळो. डोळे मिटून इन्फ्लेटरची (हवा भरायची-सोडायची) बटणं आणि मागची डम्पची, म्हणजे हवा झटकन सोडायची, दोरी सापडते का, तेही बघ.

जॅकेट (हवा अंगाभोवती भरते) की विंग (हवा फक्त पाठीमागे भरते) यावर लोक तासन्‌तास भांडतात. जॅकेट पृष्ठभागावर सरळ धरून ठेवतं, विंगने पाण्यात आडवं राहणं सोपं जातं. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, पातळ वेटसूट आणि एकच सिलिंडर असेल तर अवाढव्य लिफ्ट, म्हणजे वर उचलून धरायची ताकद, लागत नाही. बुडण्यासाठी कमरेला गरजेपेक्षा जास्त शिशाची वजनं बांधून, मग ती पेलायला बीसीडीत हवा भरत बसण्याची सवय तेवढी लावून घेऊ नकोस.

विमानाने जाणार असशील तर हलकं ट्रॅव्हल मॉडेल बघ.

घरी आल्यावर आतूनही गोड्या पाण्याने खळबळून धू, उलटं धरून निथळव आणि अर्धवट फुगवून सावलीत टांग. गच्चीवरच्या उन्हात नको.