दुर्बीण कुणाच्या गळ्यात?

"ताई, आम्ही चौघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. थंडीत दर रविवारी पहाटे पुण्याहून मुळा-मुठेच्या काठी कवडीपाटला पक्षी बघायला जातो. पण या तिघी अखंड बोलतात आणि अर्ध्या तासात चहाचा धोशा लावतात. मी 'तो बघा, तो बघा' करत हात उंच करून दाखवते, तोवर पक्षी उडालेला असतो. (दुर्बीण एकच आहे, माझी १०×५०, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची. त्यांना दिली तर एकीला दोन गोल दिसतात, चष्मेवालीला कडेनं काळं दिसतं, म्हणून ती माझ्याच गळ्यात असते.) पुढच्या रविवारपासून एकटीनंच जाऊ का?"
– एक पक्षीवेडी

नाही, जायचं नाही.

खरं दुखणं तुम्ही कंसात टाकलंत. नदीच्या मधोमध बसलेला चक्रवाक तुम्हाला चोचीपासून शेपटीपर्यंत दिसतो, आणि त्या तिघींना तांबूस ठिपका. भर थंडीत उभं राहून ठिपके बघायचे असतील तर माणूस गप्पाच मारणार, आणि चहाही आठवणारच. वर 'त्यांना जमत नाही' म्हणून दुर्बीण परत गळ्यात! अहो, ती तुमच्या डोळ्यांना लावलेली आहे, त्यांना जमेल कशी?

दोन गोल दिसतात, कारण दोन नळ्यांमधलं अंतर तुमच्या डोळ्यांच्या मापाचं आहे. मधल्या बिजागरीवर नळ्या जवळ-लांब करत एकच गोल होईपर्यंत न्यायच्या. चष्मेवालीसाठी डोळ्यांकडचे रबरी कप खाली घ्या, कडेचं काळं जाईल. बिनचष्म्याच्या डोळ्यांना तेच कप वर लागतात. मग तीसेक मीटरवरचा एखादा खुंट धरा. उजव्या बाजूची पुढची काच तळव्यानं झाकून डाव्या डोळ्यानं मधल्या चाकावर खुंट स्पष्ट करायचा. नंतर डावी काच झाकायची आणि उजव्या डोळ्यानं तोच खुंट स्पष्ट दिसेपर्यंत त्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. या वेळी मधल्या चाकाला हात लावायचा नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. कडी जिथे थांबते ती खूण प्रत्येकीची वेगळी असते, ज्या त्या मैत्रिणीनं आपली लक्षात ठेवायची.

येत्या रविवारी दुर्बीण सकाळभर त्या तिघींकडे राहील. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरायचे आणि जागा सांगायची. बोट दाखवून नाही! हळू बोलण्यापेक्षा अचानक वर गेलेला हात पाणपक्ष्यांना जास्त बुजवतो, तेव्हा निम्मे पक्षी तुम्हीच उडवता आहात. 'बंधाऱ्याच्या डाव्या टोकाचा काळा दगड, त्याच्या उजवीकडे दोन हात' असं सांगा. ऐकणारीनं आधी उघड्या डोळ्यांनी पक्षी शोधायचा, नजर तिथेच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. मान खाली घालून दुर्बीण चाचपली की पक्षी हरवलाच.

सुरुवात वंचक या छोट्या बगळ्यापासून करा. काठाशी पुतळ्यासारखा उभा असतो, नवशिक्यांवर त्याचे मोठे उपकार आहेत. मग शेकाट्या, त्याच्या लालगुलाबी पायांवर चाक फिरवायचा हात बसतो. शेपूट हलवत पळणारा धोबी पहिल्या दिवशी नकोच. कवड्या खंड्या मात्र चुकवू नका: पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो तेवढ्या वेळात दुर्बीण लागते, आणि त्यानं सूर मारलेला एकदा नीट दिसला की चहाची आठवण कोण काढतं बघू.

सूर्य पाठीशी ठेवून उभ्या राहा, नाहीतर सगळंच काळं दिसेल.

तुमची १०×५० नवख्या हातांना जड आहे. दहापट मोठं दिसतं तेव्हा हाताचा कंपही दहापट दिसतो. दुसरी घ्याल ती ८×४२ घ्या: हलकी असते, चित्र स्थिर राहतं आणि जास्त भाग एकदम दिसतो. रस्त्यावर मिळणाऱ्या झूमवाल्या दुर्बिणींच्या नादी लागू नका. पैसे चौघींनी सारखे काढा, म्हणजे ती 'माझी' म्हणायला कुणी उरणार नाही.